हसू काढून छापलेला माणूस

निमकर संध्याकाळी आठच्या बातम्या टीव्हीचा आवाज बंद करून बघायचे. पडद्यावरची बाई तोंड हलवायची आणि तिचं बोलणं निमकर सोफ्यावर बसून मराठीत बोलायचे. "नमस्कार. आज देशात पुष्कळ वाईट झालं आणि ते तुमच्यामुळे झालं. तुम्ही काल मटण खाल्लंत, परवा गाडी चालवलीत आणि त्याआधी एका विनोदाला हसलात. आता हवामान. तेही तुमच्यामुळेच." बाईचं तोंड मिटलं की हे गप्प, उघडलं की हे सुरू. इतकं बेमालूम, की मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा क्षणभर वाटलं, या देशात मराठी बातम्या लागतात.

मी तेव्हा नुकताच जर्मनीत आलो होतो. माझी बायको सुमन गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. मुलगा प्रशांत इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, राहायला शहराबाहेरच्या छोट्या गावात. गावाकडची माझी पिठाची गिरणी विकून तो मला घेऊन आला. प्रशांत आणि सून दिवसभर कामाला, नातू शाळेत, आणि आला तरी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणार. मी सातवी नापास माणूस. खिडकीत बसून समोरच्या घराची कौलं बघायचो. शेवटी प्रशांत म्हणाला, "बाबा, पलीकडच्या गल्लीत निमकर काका राहतात. आपल्याच कारखान्यातून रिटायर झालेत. चला, ओळख करून देतो."

त्या संध्याकाळी मी हसलो. हवामानावर हसलो, आणि हसल्यावर दचकलो. सुमन गेल्यापासून तो आवाज माझ्या घशातून निघाला नव्हता. वाटलं, आपल्या हातून काहीतरी पाप झालं. मी इकडेतिकडे बघायला लागलो. निमकरांच्या बायकोच्या, कुंदावहिनींच्या, ते ध्यानात आलं. चहा ठेवत त्या म्हणाल्या, "हसा हो भाऊजी. आमच्याकडे रडणारी माणसं फक्त टीव्हीतच असतात."

त्यानंतर मी रोज जायला लागलो.

निमकर मूळचे कऱ्हाडचे. तरुणपणी फिटर म्हणून आले, तेव्हा इथं हिंदुस्तानी माणूस बघायला मुलं घराबाहेर यायची. अंगानं किरकोळ, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. इथली गावठी जर्मन ते असे बोलायचे, की दुकानातली पोरं चमकून वर बघायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाग होती, लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या आणि मतं होती. मतं ते लोणच्यासारखी मुरवून ठेवायचे आणि आल्यागेल्याला वाढायचे.

पर्यावरणाच्या नावानं कारखान्यापुढे घोषणा द्यायला लोक आले, तर म्हणायचे, "ज्या इंजिनावर हे अख्खं गाव जेवलं, त्याच्या नावानं शिमगा करायला आलेत. आणि आलेत कसे? गाडीनं. ती लावलीये तिकडे चर्चमागे, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून." टीव्हीवर चर्चा लागली की मला खूण करायचे. "हे बघा शिंदे, चार जण बोलावलेत. तिघं एका मताचे. चौथा कशाला? तिघांना हाणायला कोणीतरी लागतं ना!" मोठी गाडी नको म्हणून तिच्याच किमतीची सायकल घेतलेल्या एका मास्तरला त्यांनी रस्त्यातच विचारलं होतं, "ही सायकल चालवल्यावर गरिबांबद्दल जास्त वाटतं, की साध्या सायकलवरही तेवढंच वाटतं?"

दर उन्हाळ्यात नगरपालिका सगळ्या देशांच्या लोकांचा मेळावा भरवायची. निमकरांना हटकून बोलावणं. कुडता घालून या, असं वर सांगायचे. निमकरांनी एका वर्षी फोन करून विचारलं, "मला बरं नाही. नुसता कुडता पाठवला तर चालेल का?" पलीकडच्या बाईला कळेना काय बोलावं. हे सांगताना निमकर हसून हसून डोळे पुसायचे. "अहो, मी इथं घर बांधलं, कर भरला, युनियनमध्ये भांडलो. ते कोणाला नको. त्यांना मी बिचारा हवाय. माझ्यासाठी ते एवढे रडतात, की मला स्वतःसाठी रडायला जागाच ठेवत नाहीत."

प्रशांतला हे आवडायचं नाही. तो म्हणायचा, "बाबा, काका मजेशीर आहेत, पण जरा उजवे आहेत. त्यांचं सगळं मनावर घेऊ नका." उजवं-डावं मला फार कळत नाही. गिरणीचा पट्टा डावीकडे सरकला की दळण थांबायचं आणि उजवीकडे सरकला तरी थांबायचं. निमकर मला एवढ्यासाठी आवडायचे, की ते ज्याला हसायचे त्याच्या तोंडावर हसायचे, आणि त्यानं उलटून टोला हाणला तर आणखी मोठ्यानं हसायचे.

असा उलटून हाणणारा एक माणूस त्यांच्या कुंपणापलीकडेच होता. त्याचं नाव सेप. निमकरांबरोबरच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. सहा फुटी, लाल तोंडाचा, मांजर खांद्यावर घेऊन फिरणारा. त्याची पहिली भेट मी विसरणार नाही. आम्ही बागेत मिरच्या बघत होतो. सेप कुंपणाशी आला आणि काहीतरी खेकसला. निमकर त्याच्या दुप्पट खेकसले. मी विचारलं, काय झालं?

"तो रोजचंच विचारतोय. अजून तुला तुझ्या देशात हाकललं नाही का म्हणून."

माझं डोकंच फिरलं. मी शेजारचं खुरपं उचललं. निमकरांनी माझा हात धरला आणि ते वाकून वाकून हसायला लागले. "अहो शिंदे, थांबा! मी काय म्हणालो ते ऐका की. म्हटलं, आधी तुला मातीत घालतो, मग सावकाश जातो. हा आमचा नमस्कार आहे. पहिल्या दिवशी कारखान्यात तो खरंच तसं म्हणाला होता. मी खरंच तसं उत्तर दिलं होतं. दुपारी त्यानं स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव मला दिला. तेव्हापासून चालू आहे."

सेपनं माझ्या हातातलं खुरपं बघितलं, निमकरांकडे बघितलं आणि म्हणाला, "हा नवा आलेला बरा दिसतोय. तुझ्यापेक्षा कामाचा." तेही निमकरांनीच मला मराठीत सांगितलं.

वहिनींच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रोज दवाखान्यात सेपनं नेलं-आणलं. सुमनचं वर्षश्राद्ध आलं. मी निमकरांच्या बागेत पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो. सेपनं कुंपणावरून विचारलं, हे काय चाललंय. निमकरांनी सांगितलं. तो घरात गेला, मांजर आत कोंडलं आणि कावळा शिवेपर्यंत स्वतः दारात उभा राहिला, मांजर सुटू नये म्हणून. मला त्या दिवशी हा माणूस काय आहे ते कळलं. भाषा नाही कळली तरी.

दर गुरुवारी निमकर आणि सेप गावातल्या बिअरच्या दुकानात जायचे. कोपऱ्यातलं एक टेबल या म्हाताऱ्यांचं ठरलेलं, त्याला श्टामटिश म्हणतात. दुसऱ्यानं कोणी बसायचं नाही. निमकर तिथं लिंबूपाणी प्यायचे आणि सगळ्या जर्मनांची टीव्हीसकट खिल्ली उडवायचे. मीही जायला लागलो. शब्द कळायचे नाहीत, पण कोणाला कधी लागलं आणि कोण कधी फुटलं, ते तोंडं बघून कळायचं.

मग ती मुलगी आली.

एका जर्मन पेपरची बातमीदार. पंचविशीची असेल. गोड, हळू बोलणारी, डोळ्यांत बघून ऐकणारी. परदेशातून आलेल्या पहिल्या पिढीवर ती पानभर लिहिणार होती. निमकर खूश झाले. "शिंदे, आज टीव्ही स्वतः चालत घरी आलाय. आता मी बोलणार आणि ती आवाज बंद करू शकणार नाही."

वहिनींनी थालीपीठ केलं, वर लोण्याचा गोळा. मुलीनं तीन खाल्ली. बोटं चाटली. वहिनींना कृती विचारली. निमकर दुपारभर बोलले. कारखाना, युनियन, कुडता, सायकलवाला मास्तर, सगळं. मुलगी मान हलवत होती, लिहून घेत होती. मला एवढंच खटकलं, की ती हसत नव्हती. जिथं हसायला हवं तिथं तिचे डोळे भरून यायचे. मग बागेत फोटो काढायला गेलो. सेप कुंपणाशी आला आणि त्यानं रोजचा सवाल टाकला. निमकरांनी रोजचं उत्तर टाकलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिनं घाईनं काहीतरी टिपलं. निमकर तिला हसत हसत समजावत होते आणि ती म्हणत होती, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर.

जाताना तिनं विचारलं, हे निमकरांनी मला मागून सांगितलं, छापायच्या आधी तुमची वाक्यं वाचायला पाठवू का? इथं तशी पद्धत आहे. तुम्ही हो म्हटलंत की मगच छापतात. निमकरांनी हात जोडले आणि नको म्हणाले. ती गेल्यावर मला म्हणाले, "घरात पोटभर जेवलेल्या माणसाची जाताना झडती घ्यायची? आपल्याला शोभतं का ते?"

मला पटलं. मीही तेच केलं असतं. आमच्या गावात कोणीही तेच केलं असतं.

शनिवारी पेपर आला. प्रशांत स्वयंपाकघरात उभ्यानं वाचत होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, कोणीतरी गेलं. म्हणालो, "मोठ्यानं वाच. मराठीत." त्यानं वाचलं.

वर मोठ्या अक्षरात सेपचा सवाल: अजून तुला हाकललं नाही? खाली निमकरांचा फोटो. उन्हानं डोळे बारीक झालेले, ते रडवेले वाटत होते. मजकुरात लिहिलं होतं, की आयुष्यभर या देशासाठी राबलेल्या या वृद्धाला रोज सकाळी शेजाऱ्याकडून हे ऐकावं लागतं. तो विनोद करतो, कारण विनोद केल्याशिवाय इथं जगता येत नाही हे तो फार लवकर शिकला. त्याच्या हसण्यामागचं दुःख त्याला स्वतःलाही दिसत नाही. कुडत्याचा किस्साही होता. पण तो असा, की त्याला माणूस म्हणून कोणी बोलावत नाही, हे त्यानं व्याकूळ होऊन सांगितलं.

मी हबकलो. पुन्हा वाच म्हणालो. त्यानं पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. सेप तसं म्हणाला होता. निमकरांनी कुडत्याचं सांगितलं होतं. मी समोर बसलेलो होतो. फक्त हसू तेवढं काढून घेतलं होतं. पिसं काढल्यावर कोंबडी जशी ओळखू येत नाही, तसे निमकर मला ओळखू येईनात.

प्रशांत म्हणाला, "बाबा, एका अर्थी बरं झालं. कोणीतरी बोलायलाच हवं होतं."

"काय बरं झालं? तू कधी त्या कुंपणाशी उभा राहिलायस?"

"असे टोमणे आम्हालाही बसतात, बाबा. ऑफिसमध्ये. तुम्हाला कळणार नाही."

"तुला बसत असतील. मग तुझं नाव घालून तुझं छापायला सांग. निमकरांच्या तोंडात तुझं रडं कशाला घालता?"

त्यानं पेपरची घडी घातली. मीही जास्तच बोललो असेन. पण मला धक्का बसला होता, आणि धक्क्यात मला मऊ बोलता येत नाही.

मी तसाच निमकरांकडे गेलो. ते खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर. मराठी मंडळाच्या ग्रुपवरून फोन टिणटिण वाजत होता. काका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. काका, खूप सोसलंत. निमकर म्हणाले, "सगळे माझ्या पाठीशी उभे आहेत, शिंदे. आता मला मागं वळून पळताही येत नाही." म्हणाले खरे, पण भुवई हलली नाही.

सेपचं नाव पेपरात नव्हतं. पण गाव केवढं! निमकरांचा शेजारी कोण, हे पोस्टमनपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक. सोमवारी सेपच्या फाटकावर कोणीतरी कागद चिकटवला, लाज बाळग म्हणून. सेप गावच्या क्लबात लहान पोरांना फुटबॉल शिकवायचा. त्यात दोन पोरं तुर्की बापांची होती, आणि ती त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. क्लबनं त्याला कळवलं, थोडे दिवस येऊ नकोस, वातावरण निवळू दे. सेपनं बागेकडच्या खिडक्यांचे पडदे खाली ओढले.

निमकर त्याच्या दारात गेले. मी बरोबर होतो. घंटा वाजवली. बऱ्याच वेळानं सेप आला. दार अर्धंच उघडलं. निमकर बोलायला लागले, त्यानं हात वर केला. त्यानं एकच गोष्ट विचारली. ती निमकरांनी मला नंतर सांगितली. "छापायच्या आधी त्यांनी तुला वाचायला पाठवू का म्हणून विचारलं की नाही?"

"विचारलं."

"मग?"

"मी नको म्हणालो. ती घरी जेवली होती, सेप."

सेपला ते समजेना. या देशात वाढलेल्या माणसाला ते कसं समजावं? ज्याला विचारतात आणि जो बघत नाही, त्याला ते मंजूरच असणार. जेवणाचा आणि त्याचा संबंध काय? त्याचं म्हणणं, तू ठरवलंस की हे असंच छापून जाऊ दे. म्हणजे इतकी वर्षं तुझ्या मनात हेच होतं. निमकर हात हलवून हलवून सांगत होते. हा माणूस बोलून कोणालाही हरवायचा, आणि आता तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. सेप म्हणाला, "असं कोणी करतं का?" आणि दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं निमकर पायऱ्या उतरताना म्हणाले.

त्यांनी त्या मुलीला फोन करून बोलावलं. ती लगेच आली, फुलं घेऊन. त्यांचं बोलणं वहिनी मला हळूच मराठीत सांगत होत्या. ती वाईट नव्हती हो. वाईट असती तर निमकरांनी तिला उभी सोलली असती. ती मनापासून सांगत होती, की तुम्हाला इतकी सवय झाली आहे की अपमान अपमान वाटत नाही. तुम्ही त्याची बाजू घेताय, हेही त्यातूनच येतं.

निमकर म्हणाले, "म्हणजे माझं दुःख मला माहीत नाही, तुला माहीत आहे?"

"तसं नाही, पण—"

"मग पोरी, ते तुझंच आहे. घेऊन जा तू."

तिचे डोळे भरले. ती म्हणाली, आम्हाला ते दुरुस्त करू द्या. तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत छापू. या वेळी निमकरांनी शब्द न् शब्द तपासून दिला. सेप माझा मित्र आहे, तो सवाल आमचा नमस्कार आहे, त्याच्या फाटकावर कागद लावणाऱ्यानं आधी माझ्याकडे यावं. सगळं जसंच्या तसं छापलं. पण मथळा पेपरवाले स्वतः घालतात. तो तपासायला पाठवत नाहीत, हे आम्हाला कुठं माहीत! मथळा होता: त्यानं शेजाऱ्याला माफ केलं.

वहिनींनी तो वाचला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "अहो, हे तर पहिल्यापेक्षा वाईट."

क्लबनं सेपला परत बोलावलं. माफी मिळालेला माणूस म्हणून. सेप गेला नाही.

त्यानंतर निमकर सकाळी कुंपणाशी जाऊन उभे राहायचे. उन्हं वर येईपर्यंत उभे. पलीकडे पडदे. मी म्हणायचो, चला आत, थंडी आहे. ते म्हणायचे, येतो. गुरुवारी बिअरच्या दुकानात आम्ही एकदाच गेलो. सगळे उठून उभे राहिले. खुर्ची ओढून दिली. कोणी एक टोमणा मारला नाही, चुकून काही तोंडातून जायला नको म्हणून. लिंबूपाणी आणून देणाऱ्या पोरानं विचारलं, बर्फ चालेल ना? एरवी तो न विचारता ग्लास आदळायचा. सेपची खुर्ची रिकामी. निमकरांनी ग्लास अर्धा टाकला. बाहेर आल्यावर म्हणाले, "शिंदे, या गावात मला शिव्या खाऊन घर मिळालं होतं. आता मान देऊन बाहेर काढलं."

एका संध्याकाळी मी गेलो तर टीव्ही चालू होता आणि आवाजही चालू होता. निमकर गप्प बसून ऐकत होते. मला इतका हादरा बसला, की मी चप्पल न काढताच आत गेलो. ते म्हणाले, "मला आयुष्यात कोणी इतकं एकटं पाडलं नव्हतं हो. आणि तेही माझ्या भल्यासाठी."

पानगळ सुरू झाली आणि निमकर बागेतच गेले. वाफ्यातली वाळलेली झाडं उपटत होते. वहिनी चहाला हाक मारायला गेल्या, तर ते वाफ्याच्या कडेला आडवे. हृदय बंद पडलं होतं. मला प्रशांतनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "चल, खोटं बोलू नकोस." सुमनच्या वेळीही डॉक्टरला मी हेच म्हणालो होतो. माणूस म्हातारा झाला म्हणून धक्का जुना होत नाही.

वहिनी रडल्या नाहीत. उठल्या, चपला घातल्या आणि थेट सेपच्या दारात गेल्या. मी आणि प्रशांत मागे. सेपनं दार उघडलं. त्याला कळलेलं होतं. त्याचं लाल तोंड राखेसारखं झालं होतं. वहिनी जर्मनमध्ये म्हणाल्या, आणि प्रशांत मला हळूच सांगत होता: "यांना मुलगा नाही, भाऊ नाही. आमच्यात माणसाला खांदा देतात. तुम्ही द्यायचा."

सेपनं मान हलवली. नाही म्हणाला.

मयताला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. वहिनी तशाच उभ्या. सेप बोलायला लागला आणि त्याचा आवाज फाटला. तो म्हणत होता, की ते लोक येतील. फोटो काढतील. माफ केलेला शेजारी शवपेटी उचलतो, असं खाली छापतील. कुंदा, त्यांनी त्याला माझ्याकडून घेतला. आता त्याचं मरणही घेतील. मी त्यांना ते देणार नाही.

वहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्या परत फिरल्या.

अंत्यविधी दहाला होता. दफनभूमीशेजारी एक छोटी इमारत आहे, तिथल्या खोलीत दहनाला नेण्याआधी पेटी ठेवतात. वहिनींनी मला लवकर पाठवलं होतं, तुळस आणि गंगाजल ठेवायला. प्रशांतनं मला सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. मी आत तुळस ठेवत होतो, तेवढ्यात मागं दार वाजलं. सेप. काळा कोट, केस ओले करून विंचरलेले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. पाठ दाराला लावून उभा राहिलो.

आत तो पेटीशी बोलायला लागला. हळू, मग मोठ्यानं, मग खेकसून. भांडत होता. मूठ पेटीवर आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं आत जावं. मग एकदम तो हसला. ते हसू कसं होतं ते मला लिहिता येत नाही. मी उभं आयुष्य गिरणीच्या आवाजात काढलं, पण माणसाच्या छातीतून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

थोड्या वेळानं तो बाहेर आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि मागच्या फाटकानं निघून गेला.

तो गेला आणि समोरून प्रशांत आला. त्याच्याबरोबर ती मुलगी. हातात पांढरी फुलं होती, डोळे सुजलेले. ती खरंच रडली होती. तिनं सेपला फाटकातून जाताना बघितलं असावं. ती प्रशांतला घाईनं काहीतरी विचारायला लागली, माझ्याकडे बघत. कॅमेरा नव्हता, पण पिशवीतून वही अर्धी बाहेर आली होती.

प्रशांत म्हणाला, "बाबा, ती विचारतेय, ते आत गेले होते का? काय बोलले? तिला चांगलंच लिहायचं आहे म्हणते."

मी दाराची कडी सोडली नाही.

"तिला सांग," मी म्हणालो, "दार बंद होतं."

प्रशांतनं माझ्याकडे बघितलं. मग तो तिच्याकडे वळला आणि त्यानं तेवढंच सांगितलं.